डबा घरी ठेवा, हे उत्तर नाही

मोताळ्याहून मलकापूर आणि तिथून बऱ्हाणपूर. रस्ता काही तासांचाच, पण मध्ये राज्याची हद्द लागते आणि कायदा बदलतो. गोवंश हत्येला महाराष्ट्रात ५ वर्षांपर्यंत कैद आहे, मध्य प्रदेशात ७ वर्षांपर्यंत. गोव्यात गाय कापायला बंदी आहे, बैल मात्र दाखला घेऊन कापता येतो. पशुधन हा राज्यांचा विषय, त्यामुळे कायदे वेगळे असणारच. आपलं भांडण त्याच्याशी नाही. हे कायदे प्रवाशावर कोण चालवतं, याच्याशी आहे.

जानेवारी २०१६ मध्ये मध्य प्रदेशातल्या खिरकिया स्टेशनवर बॅगांच्या झडतीवरून एका मुस्लिम जोडप्याला मारहाण झाली. मांस निघालं म्हशीचं. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई एक्सप्रेसमध्ये मुलीकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला इगतपुरीजवळ तरुणांनी मारलं. महाराष्ट्रातली बंदी गाय, बैल आणि वळूपुरती आहे, म्हशीचं मांस त्यात येतच नाही. पण मारणाऱ्यांनी कायदा वाचला होता कुठे?

आपण तरी वाचू या. २०१५ च्या दुरुस्तीने परराज्यात कापलेल्या गोवंशाचं मांस जवळ बाळगणंही महाराष्ट्रात गुन्हा ठरवलं होतं. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम ५ ड रद्द केलं. आणि झडतीचा अधिकार? पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी, नाहीतर शासनाने नेमलेला माणूस. शेजारच्या सीटवरचा कोणीही नाही.

घरातले मोठे सांगतात, "बेटा, प्रवासात डबा नेऊ नकोस." त्यांची काळजी खरी आहे. पण आज डबा घरी राहिला, तर उद्या टोपी राहील, परवा अम्मीचा बुरखा. देशात कुठेही फिरण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. तो आपणच एकेक वस्तू घरी ठेवून कमी करायचा का?

मित्रांनो, हद्द ओलांडण्याआधी पलीकडचा कायदा माहीत करून घ्या आणि पाळा. झुंडीशी वाद घालू नका, रेल्वेचा १३९ नंबर लावा, तक्रार लेखी द्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये झुंडबळी रोखायला प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. बुलडाणा जिल्ह्याचा हा अधिकारी कोण, त्याने आजवर काय केलं, हे माहिती अधिकारात विचारा. अर्ज मोताळ्यातूनही करता येतो.