पोकळ रबर, भरलेला वेळ

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांच्या बोलण्यात एक विषय वारंवार येऊ लागला आहे. मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी, परदेशी गेलेली असतात आणि त्यांनी हौसेने आणलेला कुत्रा आई-वडिलांच्या घरी राहिलेला असतो. तीस किलो वजनाचा, अंगात रग असलेला लॅब्रॅडोर आणि गुडघे दुखणारे, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे सत्तरीचे दांपत्य असे ते घर. ‘डॉक्टर, तो सारखा पायांत येतो’, ‘दाराची घंटा वाजली की अंगावरून धावतो’, ‘दुपारी डोळा लागू देत नाही’ अशा तक्रारी सांगून झाल्या की शेवटी, बहुधा आवाज खाली आणून, एक प्रश्न विचारला जातो : ‘याला कुणाला तरी देऊन टाकावे का?’

हा प्रश्न सोपा नाही. जोडीदार गेल्यावर एकट्या राहिलेल्या अनेकांना सकाळी अंथरुणातून उठवणारा, दिवसातून दोनदा घराबाहेर नेणारा आणि ‘माझ्यावर कुणीतरी अवलंबून आहे’ ही जाणीव जिवंत ठेवणारा तो एकच जीव असतो. मात्र, उतारवयातील एक पडणेही सारे आयुष्य बदलून टाकू शकते, हेही विसरून चालत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2001 ते 2006 या काळातील नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार त्या देशात कुत्र्या-मांजरांमुळे पडून इजा होण्याच्या घटना वर्षाला सरासरी 86 हजारांहून अधिक होत्या. त्यांतील बहुतेक कुत्र्यांमुळे घडल्या होत्या आणि हाडे मोडण्याचे प्रमाण पंचाहत्तरीपुढील व्यक्तींत सर्वाधिक होते. म्हणून ‘ठेवावे की द्यावे’ या टोकाच्या निर्णयाकडे जाण्याआधी मधला मार्ग आहे का, हे पाहायला हवे. अनेक श्वानपालकांनी अनुभवलेला असा एक साधा मार्ग म्हणजे आत खाऊ भरता येणारे रबराचे पोकळ खेळणे. आजच्या लेखात त्याचा विचार करू.

या खेळण्याचा जन्म अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झाला. जो मार्कहम या गृहस्थांच्या फ्रिट्झ नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्र्याला दगड चावण्याची सवय होती आणि त्यामुळे त्याचे दात झिजत चालले होते. मार्कहम एकदा आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना गाडीच्या सस्पेन्शनमधला रबराचा एक भाग फ्रिट्झच्या हाती लागला आणि दगड सोडून तो त्या रबराच्या मागे लागला. त्या भागाच्या आकारावरून पुढे खेळणे तयार झाले आणि 1976 मध्ये ‘काँग’ ही कंपनी सुरू झाली. एकावर एक ठेवलेल्या तीन गोळ्यांसारखा त्याचा आकार असतो. तो वेडावाकडा असल्याने जमिनीवर टाकलेले खेळणे कोणत्या दिशेला उसळेल ते सांगता येत नाही. आतून ते पोकळ असते. आज अनेक कंपन्यांची अशी खेळणी मिळतात.

ते उपयोगी का पडते, हे समजून घेतले तर त्याचा वापर अधिक नेमका करता येतो. कुत्र्याच्या पूर्वजांचा दिवस अन्न हुंगण्यात, शोधण्यात, फाडण्यात आणि चघळण्यात जाई. आपल्या घरातला कुत्रा मात्र ताटलीतले जेवण एक-दोन मिनिटांत संपवतो आणि उरलेला सारा वेळ त्याच्यापुढे रिकामा पडतो. तोच रिकामा वेळ मग चपला कुरतडण्यात, भुंकण्यात आणि माणसाच्या पायांत घुटमळण्यात जातो. ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1963 मध्ये उंदरांवरील प्रयोगात दाखवून दिले होते की, शेजारी फुकट अन्न ठेवलेले असतानाही अनेक उंदीर कळ दाबून मिळणारे अन्न घेत राहिले. प्रत्येक प्राणी असा वागतोच असे नाही. पण खटपट करून मिळवण्यात काहीएक गोडी असते, हे कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही पटेल. निवृत्तीनंतर हाताला काम न उरलेल्या माणसाची घालमेल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तर ते अधिकच पटेल.

आता ज्यांनी हे खेळणे वापरले, त्यांचे अनुभव पाहू. एका निवृत्त शिक्षिकेला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रोज सकाळी अर्धा तास व्यायाम सांगितला होता. त्या जमिनीलगत आल्या की त्यांचा बीगल जातीचा कुत्रा तोंड चाटायला धावे आणि व्यायाम राहून जाई. त्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत सतरंजीवर भरलेले खेळणे देण्याचा नेम सुरू केला. त्यांचा व्यायाम आणि त्याचा उद्योग एकाच वेळी होऊ लागला.

दुसऱ्या एका घरी उलट घडले. कुत्र्याने पाच मिनिटांत खेळणे रिकामे केले आणि ‘आणखी द्या’ म्हणून पहिल्यापेक्षा जास्त भुंकायला लागला. इथे भरण्याची पद्धत चुकली होती. सुरुवातीला सुटा, सहज बाहेर पडणारा कोरडा खाऊ भरावा. कुत्र्याला युक्ती कळली की त्यात ओलसर पदार्थ मिसळून ते घट्ट करावे आणि पुढे भरलेले खेळणे फ्रीजरमध्ये गोठवून द्यावे. पहिल्याच दिवशी गोठवून दिले तर कुत्रा कंटाळून सोडून देतो. कायम सोपेच दिले तर ते चुटकीसरशी संपते.

तिसऱ्या घरचा अनुभव अधिक महत्त्वाचा आहे. घरातले सगळे बाहेर पडले की तो कुत्रा दार ओरबाडी, सतत लाळ गाळी आणि आवडीच्या खाऊने भरलेले खेळणे त्याने शिवलेलेही नसे. माणसे परतल्यावर मात्र तेच खेळणे तो आनंदाने संपवी. याला कंटाळा म्हणता येणार नाही. एकटे राहण्याची ही खरी भीती असते. अशा वेळी खेळण्याचा उपयोग होत नाही, पशुवैद्यकांचा सल्लाच घ्यावा लागतो. भीतीने ग्रासलेल्या माणसाच्याही घशाखाली घास उतरत नाही.

चौथा अनुभव वजनाचा. आजोबा दोन्ही वेळचे जेवण पूर्ण देत आणि वर दोनदा खेळणे भरत. काही महिन्यांत कुत्रा इतका जाड झाला की त्याला जिना चढवेना. खेळण्यातला खाऊ हा रोजच्या जेवणातूनच काढून ठेवावा. जेवणाव्यतिरिक्त दिला जाणारा वरखाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे.

खेळण्यात भरण्यासाठी महागडे डबे आणण्याची गरज नाही. कुत्र्याचे नेहमीचे कोरडे खाद्य थोड्या पाण्यात भिजवून, उकडलेला लाल भोपळा, गाजर किंवा रताळे कुस्करून, मीठ-फोडणी न घातलेला दहीभात, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी किंवा उकडलेले अंडे यांतले त्याला मानवेल ते चालते. बिनमिठाचे, बिनसाखरेचे दाणे वाटून केलेले लोणी बोटभर पुरते. ते स्निग्ध असल्याने अधिक देऊ नये. कुत्र्याला स्वादुपिंडाचा, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल तर पशुवैद्यकांना विचारूनच भरावे.

जे कधीही भरू नये, त्याची यादी मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. म्हणून उरलेली आमटी-भाजी त्यात घालू नये. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. प्रसादाच्या शिऱ्यातले आणि लाडवातले बेदाणेही यात आले, हे प्रेमाने घास भरवणाऱ्या आजींनी ध्यानात ठेवावे. चॉकलेट, कॉफी आणि शिजवलेली हाडेही वर्ज्य आहेत. आणि मधुमेही घरांसाठी खास सूचना : झायलिटॉल नावाचा साखरेला पर्याय म्हणून वापरला जाणारा पदार्थ काही साखरविरहित च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्येही असतो. माणसाला त्याचा त्रास होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो अचानक इन्सुलिन वाढवतो, रक्तातली साखर घसरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. ‘शुगर-फ्री’ लिहिलेली बरणी कुत्र्यासाठी उघडण्यापूर्वी घटकांची यादी वाचावीच.

आता ज्येष्ठांच्या सुरक्षिततेकडे वळू. अमेरिकेतील ज्या नोंदींचा उल्लेख वर केला, त्यांत पाळीव प्राण्यांच्या खेळण्यांना आणि खाण्याच्या भांड्यांना अडखळून पडलेलीही माणसे होती. पडणे टाळण्यासाठी आणलेल्या वस्तूनेच माणूस पडला, असे होऊ नये. म्हणून खेळण्याची जागा ठरवून द्यावी. पलंग, न्हाणीघर आणि मुख्य दार यांना जोडणाऱ्या वाटेवर ती नसावी. एका कोपऱ्यात न सरकणारी चटई घालून खेळणे तिथेच द्यावे. लाल किंवा काळे रबर गडद फरशीवर कमी दृष्टीच्या माणसाला दिसत नाही, म्हणून चटई उजळ रंगाची असावी. देताना खुर्चीत बसून द्यावे. कुत्रा निघून गेल्यावर ते उचलायला काळजीवाहकाने यावे किंवा लांब दांड्याचा चिमटा वापरावा. वाकून चक्कर येणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. सांधेदुखीमुळे बोटांत पकड नसेल तर खेळणे मोठे तोंड वर करून पेल्यात उभे ठेवावे, भरणे सोपे जाते. घरातील तरुण माणसाने रविवारी दोन-तीन खेळणी भरून फ्रीजरमध्ये ठेवली, तर आठवड्याचा बराच भार हलका होतो.

वेळही ठरवावी. ज्या वेळी घरात गडबड असते आणि पडण्याचा धोका अधिक, त्या वेळेच्या पाच मिनिटे आधी खेळणे द्यावे. आजींची आंघोळ, ड्रेसिंगसाठी येणाऱ्या नर्सची वेळ, दूध-भाजी घेण्यासाठी दार उघडण्याची वेळ, अशा वेळा प्रत्येक घराने आपापल्या निवडाव्यात.

एक नियम मात्र अपवादाशिवाय पाळावा : कुत्र्याच्या तोंडातले भरलेले खेळणे हाताने ओढून घेऊ नये. स्वभावाने गरीब कुत्राही अन्नाची राखण करताना चावू शकतो. नातवंडांनाही हे बजावून सांगावे. घ्यायचेच असेल तर थोड्या अंतरावर दुसरा खाऊ टाकावा आणि कुत्रा तिकडे गेल्यावर उचलावे. ज्येष्ठांची त्वचा पातळ असते, अनेकजण रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असतात, मधुमेहामुळे जखम चिघळते. त्यामुळे लहानसा दातही मोठे दुखणे होतो. दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. ‘आपलाच कुत्रा आहे, त्याला लस दिली आहे’ म्हणून घरी बसून राहू नये. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर जवळजवळ कुणीही वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागू शकते. ते डॉक्टर ठरवतील.

निवड करताना कुत्र्याच्या वजनाप्रमाणे आकार घ्यावा; शंका असल्यास एक आकार मोठा बरा, कारण लहान खेळणे घशात अडकू शकते. दोन्ही टोकांना छिद्र असलेले घ्यावे. एकच छिद्र असले तर आत निर्वात पोकळी होऊन जीभ अडकू शकते. रबरात नख दाबले असता ते थोडे दबले पाहिजे. त्याहून कठीण वस्तूने दात तुटतात. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी आणि पिल्लांसाठी मऊ रबराची, तर जोरात चावणाऱ्यांसाठी अधिक टणक खेळणी मिळतात. तुकडे निघू लागले की खेळणे टाकून द्यावे. रोज गरम पाणी, साबण आणि बाटली धुण्याच्या ब्रशने आतून स्वच्छ करावे आणि नंतर स्वतःचे हात धुवावेत. कच्चे मांस भरू नये. घरात केमोथेरपी किंवा स्टेरॉइड घेणारे कुणी असेल तर त्यातले जंतू त्यांना बाधू शकतात.

या खेळण्याकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. ते फिरायला नेण्याची जागा घेत नाही, सोबतीचीही नाही. दिवसभर कुत्र्यापुढे खेळणी टाकून त्याला गप्प ठेवणे म्हणजे आजोबांना टीव्हीपुढे बसवून ‘त्यांचा वेळ जातो’ म्हणण्यासारखे आहे. दिवसातून एक-दोनदा, ठरल्या वेळी, एवढेच त्याचे काम.

‘याला देऊन टाकावे का’ हा प्रश्न ज्या घरात उभा आहे, त्यांनी निर्णयाआधी महिनाभर चार गोष्टी कराव्यात. कुत्र्याला फिरवून आणण्यासाठी सशक्त माणूस नेमावा, म्हणजे साखळीची ओढ आजोबांच्या खांद्यावर येणार नाही. चालण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. धोक्याच्या वेळी भरलेले खेळणे द्यावे. आणि दिवसाकाठी अर्धा तास कुत्र्याने ज्येष्ठांजवळ शांत बसावे, अशी सवय लावावी. महिन्याने पुन्हा हिशेब मांडावा. एवढे करूनही पडण्याचा धोका टळत नसेल तर कुत्र्यासाठी ओळखीचे, चांगले घर शोधण्यात अपराधीपणा मानू नये. पण तो निर्णय घेताना ज्यांच्या पायाशी तो कुत्रा रात्री झोपतो, त्यांना आधी विचारावे.