फाउंटन्सचे कोठार

इंग्लंडमधल्या यॉर्कच्या मठातले सैल जगणे नकोसे झालेले तेरा संन्यासी ११३२ च्या ऐन हिवाळ्यात स्केल नदीकाठी येऊन राहिले आणि तिथे फाउंटन्स ॲबी हा मठ उभा राहिला. तिथल्या चर्चपेक्षा मला ओढ वाटते ती पश्चिमेच्या कोठाराची: सुमारे ३०० फूट लांब दालन, मधोमध खांबांची एकच रांग आणि प्रत्येक खांबातून झाडाला फांद्या फुटाव्यात तशा कमानी. शेतात राबणारे, मेंढ्या राखणारे मठाचे बंधू इथेच एका टोकाला जेवत, वरच्या मजल्यावर झोपत. मठाची श्रीमंती त्याच मेंढ्यांच्या लोकरीची! १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या फर्मानाने मठ बंद झाला. छपरांवरचे शिसे उतरवून नेले, चर्च उघडे पडले. कष्टकऱ्यांच्या या दालनावरचे दगडी छत मात्र अजून शाबूत आहे.