कृपा पुरे, प्रसाद हवा

इंग्रजी 'ग्रेस' शब्द दिसला की आपण सरसकट 'कृपा' लिहून मोकळे होतो. या एका आळसाची किंमत नेकनूरच्या शाळेपासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत सारेच मोजत आहेत, अशी माझी तक्रार आहे. दिवाळीच्या फराळात ही तक्रार जरा तिखट लागेल. पण लाडवांच्या शेजारी चिवडा नसेल तर ताट कसले?

मूळ शब्दाचा संसार किती मोठा, पाहा. देवाची दया ग्रेस, नर्तकीचा डौल ग्रेस, जेवणाआधीची प्रार्थना ग्रेस, विम्याच्या हप्त्याची वाढीव मुदतही ग्रेस. नागपूरच्या माणिक गोडघाटे यांनी तर कवी म्हणून हेच नाव धारण केले. स्पॅनिश भाषेतली तिची बहीण 'ग्रासिया' आणखी अवखळ. ती दैवी कृपा आहे, लावण्य आहे आणि विनोदही आहे. तिचेच अनेकवचन 'ग्रासियास' म्हणजे आभार. जुन्या अदबीत कोणाचे नाव विचारायचे तर 'आपली ग्रासिया काय?' असे विचारीत. आपण 'शुभनाव' विचारतो तसेच. आणि तडफडणाऱ्याला संपवणाऱ्या शेवटच्या गोळीलाही तिकडे 'ग्रासियाची गोळी' म्हणतात! पोर्तुगीज भावंड 'ग्रासा' तर आपल्या अंगणात आले. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन संन्याशांचे जे चर्च होते ते याच नावाच्या माउलीचे. 1931 साली त्याचा मनोरा अर्धा कोसळला; उरलेला अजून उभा आहे.

आता कोणी म्हणेल, मराठी बापडी गरीब, तिच्याकडे असा शब्द कुठला? आहे की! 'प्रसाद'. देवाची प्रसन्नता प्रसाद, हातावर पडणारा शिरा प्रसाद, आणि ओज-माधुर्याच्या पंक्तीत बसणारा काव्याचा गुणही प्रसाद. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातला 'पसाय' म्हणजे हाच. स्पॅनिशांच्या गोळीला जोड हवी असेल तर आमच्या वर्गातला 'छडीचा प्रसाद' कोणत्या मराठी माणसाला ठाऊक नाही?

कृपा आणि प्रसाद यांत फरक आहे. कृपा वरून खाली येते. करणारा उंच, घेणारा वाकलेला. म्हणून अर्जाखाली 'आपला कृपाभिलाषी' लिहावे लागते. प्रसाद मात्र रांगेत मिळतो. पाटलाला आणि पाटलाच्या गड्याला एकाच परातीतला. तो वाटणारा स्वतःचे काही देत नाही, म्हणून त्याने ऐट करायची नसते.

ही ऐट मात्र आमच्या सरकारी मराठीने जपून ठेवली आहे. वीज पडून घरचा कर्ता गेला की वारसांच्या हाती पडणाऱ्या रकमेचे नाव 'सानुग्रह अनुदान'. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह! कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मदत देणे ही कायद्याने आलेली जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2021 रोजी सांगितले. पुढे ती रक्कम 50,000 रुपये ठरली. कायद्याने बांधलेले देणे, आणि नाव मात्र 'सानुग्रह सहाय्य'! बांधील माणूस अनुग्रह कसला करतो? सावकाराचे कर्ज फेडताना आपण त्याच्यावर अनुग्रह केला असे कधी म्हटले आहे का?

शब्दांनी पोट भरते का, असा प्रश्न येईल. वाचकहो, शब्दांनी मान ताठ होते, आणि ताठ मानेने मागितलेले बुडवणे कठीण असते. ग्रॅच्युइटी हा शब्द त्याच लॅटिन कुळातला. एके काळी ती मालकाची मर्जी होती, 1972 च्या कायद्याने ती कामगाराचा हक्क झाली. त्याच वर्षीच्या दुष्काळात आमच्या मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी रस्त्यावर खडी फोडली. त्या अनुभवातून पक्क्या झालेल्या योजनेला 1977 च्या कायद्याने नाव दिले ते 'रोजगार हमी'. रोजगार कृपा नव्हे, हमी! त्या एका शब्दाने मजुराला 'काम द्या' म्हणायची ताकद दिली. पुढे हमीत खोटी हजेरी घुसली हे खरे. पण खोटी हजेरी पकडता आली, तीही ती हमी होती म्हणून. कृपेचा हिशेब कोण मागणार?

म्हणजे जगात कृपाच नको, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. उन्हाळ्यात आपल्या रित्या होत चाललेल्या रांजणातली घागर शेजारणीला देणारी बाई कोणत्या कलमाने देते? तो प्रसाद आहे. तिच्या त्या देण्याला जो शब्द शोभतो, तोच कचेरीने देण्याच्या पावतीवर छापावा, याचाच मला राग येतो.

आमच्या शाळांतही तेच. दोन-चार वाढीव गुण नियमाने मिळतात, परीक्षकाच्या औदार्याने नव्हे. तरी पोराला जन्मभर 'ग्रेसने पास झालेला' म्हणून हिणवतात. नियमाने मिळाले ते त्याचे आहे.

तेव्हा सरकारी पत्रकातून 'सानुग्रह' हा शब्द खोडा आणि तेथे सरळ 'देय' लिहा. नुकसान झाले असेल तर 'भरपाई' म्हणा. देणे असेल ते मोजून, वेळेवर द्या. अनुग्रह देवावर आणि गुरूवर सोडा, आणि प्रसाद त्या घागर देणाऱ्या बाईवर.