एआय कॅमेऱ्याला हेल्मेट दिसतं, लिफ्टचा ब्रेक नाही!

मोठ्या बांधकाम साइट्सवर आता एआय कॅमेरे लागतायत. काम सोपं आहे: व्हिडिओत माणूस ओळखायचा, डोक्यावर हेल्मेट नसेल तर सुपरवायझरच्या मोबाईलवर अलर्ट पाठवायचा. उपयोगी आहेच. पण २०२३ मधले दोन अपघात आठवा.

३१ जुलैच्या मध्यरात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर, म्हणजे पुलाचे तयार भाग उचलून बसवणारं अवजड मशीन, कोसळलं. २० जण गेले. १० सप्टेंबरला ठाण्यात बाळकुमला ४० मजली इमारतीची कामाची लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले. असे अपघात हेल्मेटने टळत नाहीत.

मशीनसाठीचं तंत्रज्ञान वेगळं आहे आणि जुनंच आहे. साइटच्या लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की सेन्सर तिला हलूच देत नाही. वेग मर्यादेबाहेर गेला की ओव्हरस्पीड ब्रेक आपोआप लागतो. पण घाईत कुणी सेन्सर बायपास केला किंवा ब्रेकची टेस्ट टाळली, तर या सोयी असून नसल्यासारख्याच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची नवी संहिता लागू झाली. जुन्या १९९६ च्या कायद्यात ५०० कामगारांच्या साइटला सेफ्टी ऑफिसर लागायचा, आता २५० ला लागतो. चांगलं पाऊल आहे. पण त्याच्या मोबाईलवर फक्त हेल्मेटचे अलर्ट आले तर कामगारांच्याच चुका दिसत राहतील. मशीनच्या टेस्टची तारीख आणि बायपासची नोंदही तिथे यायला हवी.

कुणी ‘स्मार्ट साइट’ म्हणालं, तर एवढंच विचारा: लिफ्टच्या ब्रेकची शेवटची टेस्ट कधी झाली?