भांडवल घरच्या भाषेचे

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर दूरदूरच्या गावांचे पंच यात्रेची सुपारी देण्यासाठी तेथे येतात आणि पेठेतही गर्दी वाढते. यंदा अशाच एका दुपारी शेजारच्या भाभी दुकानात आल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला आहे. आता नातवाने नाटकाचे शिक्षण घेण्याचा हट्ट धरला आहे. राहुट्यांच्या दिशेने बोट दाखवून भाभी म्हणाल्या, "भाऊ, आपल्या व्यापाऱ्याच्या घरातील मुलाने तोंडाला रंग लावायचा का?"

त्यांची भीती निराधार नव्हती. याच गावच्या विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा, १९५७ आणि १९९० मध्ये, गौरव झाला. तरीही त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. टाळ्यांनी चूल पेटत नाही, हे आपल्या गावाला कोणी शिकवावयास नको.

तरीही मी भाभींना एका मुलाची हकिकत सांगितली. ओमी वैद्य यांचा जन्म १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका मराठी कुटुंबात झाला. तेथील मराठी मंडळींच्या नाटकांत ते लहानपणापासून उभे राहिले. पुढे लॉस एंजेलिसच्या कलाशिक्षण देणाऱ्या शाळेत व नंतर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कलाविद्यालयात त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. एवढ्या तयारीनंतर वाट्याला काय आले? 'द ऑफिस', 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' यांसारख्या अमेरिकन मालिकांतील छोट्या छोट्या भूमिका.

मग राजकुमार हिरानी यांच्या 'थ्री इडियट्स'मध्ये त्यांना चतुर रामलिंगमची भूमिका मिळाली. अर्थ न कळता भाषण पाठ करणाऱ्या या पात्राचे हिंदी कच्चे असणेच आवश्यक होते. परदेशी वाढलेल्या नटाची जी उणीव ठरली असती, तीच येथे उपयोगी पडली. डिसेंबर २००९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि सत्तावीस वर्षांचा हा तरुण घरोघरी पोहोचला.

परंतु एक मोसम चांगला गेला म्हणून पेढी कायमची उभी राहत नाही, हे आपण व्यापारी जाणतो. २०११ च्या 'दिल तो बच्चा है जी'मध्ये त्यांनी मिलिंद केळकर हा मराठी तरुण रंगवला. आणखी काही चित्रपट केले, पण 'चतुर'ची सावली सुटणे कठीण होते. २०२४ मध्ये त्यांनी 'आईच्या गावात मराठीत बोल' हा मराठी चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. अमेरिकेत वाढलेल्या मराठी तरुणाची ती गोष्ट. बाजारातील भाव चढले-उतरले. घरच्या भाषेचे भांडवल मात्र बुडाले नाही.

भाभी म्हणाल्या, "म्हणजे हो म्हणू?"

मी म्हणालो, "हो किंवा नाही म्हणण्याआधी त्याला विचारा. दहा वर्षे छोटी कामे करण्याची तयारी आहे का? आणि काम नसेल तेव्हा पोट भरण्यासाठी दुसरे कोणते कौशल्य शिकणार आहेस? दुकान काढणाऱ्या मुलालाही आपण हेच विचारतो."

"आणि विचारू कोणत्या भाषेत? तो तर इंग्रजीच बोलतो."

या प्रश्नावर मात्र मी निरुत्तर झालो. वाचकहो, आपल्या घरांत कोठे मारवाडी, कोठे गुजराती, तर कोठे मराठी बोलली जाते. परदेशी गेलेल्या मुलांना पैसा, संस्कार, मसाल्याचे डबे, सारे आपण पाठवतो. भाषा मात्र पाठवता येत नाही. ती रोज बोलावी लागते. नातवंडे कोणता व्यवसाय निवडतील, हे आपल्या हाती नाही. त्यांच्याशी आज रात्री फोनवर कोणत्या भाषेत बोलायचे, एवढे मात्र नक्कीच आपल्या हाती आहे.