आवारातील वडीलधारे झाड



आपल्या अनेक मंदिरांच्या भिंतींवर लेश्यावृक्षाचे चित्र असते. भुकेलेली सहा माणसे फळांनी लगडलेल्या जांभळाखाली येतात. एक म्हणतो, झाड मुळापासून उपटू; दुसरा म्हणतो, खोडापासून तोडू; तिसऱ्याला मोठ्या फांद्या पुरेशा वाटतात, चौथ्याला डहाळ्या, पाचव्याला केवळ फळे; आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा चढ पाठशाळेत आपण सर्वांनीच पाठ केला आहे. योगायोग असा की आमच्या सांगलीच्या घराच्या आवारातही एक जांभूळच उभे आहे. वडिलांनी १९५८ साली जागा घेतली, त्याच वर्षी ते लावले. त्याच्याखाली आमच्या कुटुंबाने या सहाही माणसांच्या भूमिका आळीपाळीने वठवल्या आहेत, हे मला फार उशिरा उमगले.

२०२३ च्या मे महिन्यातील एका दुपारी वळीव आला. वारा सुटताच वहिनींनी वाळत घातलेले पापड घाईने गोळा केले. त्या ओसरीवर पोहोचतात न पोहोचतात तोच जांभळाची मांडीएवढी जाड फांदी, त्या बसल्या होत्या नेमक्या त्याच जागी, कोसळली. पाट दुभंगला. माणूस वाचले, ही पुण्याई.

त्या रात्री घरात दोन पक्ष पडले. थोरले बंधू अण्णा म्हणाले, "उद्याच माणूस बोलाव आणि हे प्रकरण कायमचे मिटव." जिच्या जिवावर बेतले होते त्या वहिनींचा पक्ष मात्र नेमका उलटा. "साठ वर्षे ज्याने सावली दिली, त्याला एका फांदीपायी मारायचे? त्याच्या पानालाही हात लावायचा नाही." दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. मोठी आवारे असलेल्या आपल्या पुष्कळ घरांत हाच वाद थोड्याफार फरकाने घडत असणार, म्हणूनच हा घरचा विषय येथे मांडण्याचे धाडस करतो.

दोन्ही बाजूंचे कागद पाहिल्यावाचून मत न देण्याची बँकेतली सवय अद्याप सुटलेली नाही. कागद म्हणजे येथे झाडाचा पूर्वेतिहास. आणि तो आठवू लागलो तेव्हा बहुतेक नोंदी माझ्याच नावावर निघाल्या. दरवर्षी वैशाखात कोयता घेऊन येणाऱ्या माणसाकडून झाडाचे शेंडे उडवून ते बोडके करून घेण्याची प्रथा माझी. झाड हलके झाले की पडणार नाही, अशी माझी समजूत होती. २०११ मध्ये मुलीच्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांच्या गाड्यांसाठी थेट बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, तेही मीच. त्याआधी नळाची नवी वाहिनी टाकताना दक्षिणेकडून चर खणला आणि वाटेत आलेल्या मनगटाएवढ्या मुळ्या गवंड्याने माझ्यासमक्ष तोडल्या. कोसळलेली फांदी दक्षिणेचीच होती.

शेवटी पुण्याहून एका वृक्षतज्ज्ञ बाईंना बोलावले. आर्बोरिस्ट हा शब्द आपल्याकडे अजून अपरिचित आहे. अमेरिकेत १९२४ साली सुरू झालेल्या एका परिषदेतून पुढे इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही संस्था उभी राहिली आणि ती परीक्षा घेऊन या व्यवसायाचे प्रमाणपत्र देते. भारतात असे प्रमाणित लोक थोडे असले तरी पुण्या-मुंबईकडे मिळू लागले आहेत. मला आश्चर्य वाटले ते बाईंच्या पाहण्याच्या पद्धतीचे. पहिला अर्धा तास त्यांनी वर पाहिलेच नाही. बुंध्याभोवती फिरत त्या जमीनच न्याहाळत होत्या. मग विचारले, "काका, ही फरशी कधी बसवली?" साल सांगितल्यावर त्यांनी केवळ मान हलवली. कर्जदाराचा ताळेबंद उघडल्यावर मीही अशीच मान हलवत असे, ते आठवले.

त्यांनी समजावले ते असे. मोठ्या झाडाच्या मुळ्या सरळ पाताळात जातात, ही आपली कल्पना चुकीची आहे. बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वर फरशी बसली, गाड्यांनी माती दाबली गेली, की मुळ्या गुदमरतात; आणि झाड त्याची तक्रार लगेच करीत नाही. जे आज दिसते त्याचे कारण आठ-दहा वर्षांपूर्वीचे असू शकते. दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला तो याच कारणाने.

शेंडे उडवण्याविषयीचे त्यांचे बोलणे मला अधिक लागले. पाने म्हणजे झाडाची कमाई. ती एकदम काढली की झाड साठवलेले भांडवल मोडून घाईघाईने नवी फूट काढते. ती फूट दाट व हिरवी दिसते आणि आपल्याला वाटते, झाड खूश झाले! वास्तविक ही नवी फांदी आतल्या लाकडात रुजलेली नसते, केवळ वरच्या थराला चिकटलेली असते. चार-पाच वर्षांत ती जड होते आणि पहिल्या वावटळीत निखळते. म्हणजे झाड सुरक्षित करण्यासाठी मी जे दरवर्षी करवीत होतो, त्यानेच ते धोकादायक झाले. त्यातून जांभळाचे लाकूड ठिसूळ. आमच्या लहानपणी त्यावर चढण्यास बंदी होती ती उगाच नव्हे.

झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही, हेही मी प्रथमच ऐकले. कुजलेला भाग झाड दुरुस्त करीत नाही. त्याभोवती आतून भिंती उभारून त्याला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून हे सिद्ध केले. (ज्ञानासाठी केवढा आरंभ, असे वहिनी म्हणाल्या. मी त्यावर बोललो नाही.) या शोधाचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर घडी असते आणि भिंत उभारण्याची झाडाची ताकद तिथे एकवटलेली असते. काप त्या घडीच्या लगेच बाहेर हवा. खोडाशी सपाट कापले तर घडीच नाहीशी होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजत कुजत आत जातो. मोठी फांदी एका घावात कधीच काढायची नसते. आधी थोडे दूर खालून खाच, मग तिच्या जरा पुढे वरून काप, आणि फांदी उतरल्यावर उरलेला खुंट तिसऱ्या कापाने घडीबाहेर. असे केले नाही तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. जखमेवर डांबर फासण्याने कूज थांबत नाही. आमच्या ढोलीत तर वडिलांच्या काळात गवंड्याने सिमेंट भरले होते! ते तसेच राहू द्या, काढताना अधिक इजा होईल, असे बाईंनी सांगितले.

लाकडी हातोडीने खोड ठोकत त्यांनी आवाज ऐकला. एके ठिकाणी केसासारखी बारीक सुई आत जाताना होणारा अडथळा मोजणारे यंत्रही लावले. खोड आतून बरेच पोकळ निघाले. अण्णांना वाटले, निकाल आपल्या बाजूने लागला. परंतु झाडाचा जिवंत भाग बाहेरच्या कड्यात असतो. ते कडे पुरेसे जाड व धड असेल तर पोकळ खोडही नळीसारखे भार पेलते. आमच्या झाडाचे कडे धड होते.

येथे वहिनींच्या पक्षाविषयी लिहिले पाहिजे, कारण तो आपल्या धर्मश्रद्धेतून आलेला आहे. वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव. पंधरा कर्मादानांत वनकर्म मोडते म्हणून लाकडाच्या आणि कोळशाच्या धंद्यापासून दूर राहिलेली घराणी आपल्यात आहेत. परंतु आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात ज्या वनस्पतिछेदाला प्रमादचर्या म्हणून अनर्थदंडात घातले, तो निष्फळ, निष्प्रयोजन छेद आहे. प्रयोजनाचा विचार तेथे मुळातच आहे. वाळलेली, लटकणारी फांदी माणसांच्या डोक्यावर ठेवून देण्याला दया म्हणावे काय? मी वहिनींना एवढेच विचारले. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ढोलीत पिंगळ्याचे जोडपे आहे, ते आधी पाहा."

ती सूचना शास्त्रशुद्धच होती. वर्षाचा एकही महिना या बाबतीत पूर्ण निर्दोष नाही. वैशाख-ज्येष्ठात कावळे घरटी करतात, पावसात बगळ्यांच्या वसाहती भरतात, माघ-फाल्गुनात पोपट आणि पिंगळे ढोल्यांत असतात. म्हणून चातुर्मास संपल्यानंतर, मार्गशीर्षात, प्रत्येक ढोली पाहून मगच काम करण्याचे ठरले. लटकत्या दोन वाळक्या फांद्या मात्र लगेच उतरवल्या.

मधल्या काळात परवानगी घेतली. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे आणि झाड आपल्या खाजगी आवारात असले तरी तो लागू होतो. केवळ तोडणेच नव्हे, जाळणे किंवा अन्य प्रकारे इजा करणेही त्यात 'तोडणे' समजले जाते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते. ते तोडायची वेळ आलीच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. अण्णांनी हिशेब केला आणि पासष्ट रोपे कोठे लावायची, या प्रश्नापाशी त्यांचा उत्साह मावळला.

आता व्यापारी वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे झाड छाटायला येणारा माणूस पुष्कळदा म्हणतो, "मजुरी नको शेठ, लाकूड घेऊन जातो." आपल्याला तो सौदा स्वस्तातला वाटतो. मलाही वाटला, वर्षानुवर्षे वाटला. परंतु ज्याची मजुरी लाकडात आहे, तो वाळकी काटकी कशाला काढील? तो जाड, निरोगी, वजनदार फांदीच पाहणार. लेखापरीक्षकाला नफ्यात भागीदारी द्यावी तसाच हा प्रकार. म्हणून तपासणारा निराळा व कापणारा निराळा असावा, किंवा एकच असेल तर त्याचा लाकडाशी संबंध नसावा. अहवाल लेखी घ्यावा. कोणती फांदी, कोठे आणि का, हे त्यात असावे. दोरावर सुरक्षापट्टा लावून चढणारी माणसे हवीत. बुटांना अणकुचीदार खिळे लावून जिवंत खोडावर चढणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. हिरव्या पालवीचा चौथा हिस्सा ही एका वर्षाची कमाल मर्यादा. म्हाताऱ्या झाडाचे त्याहून बरेच कमी. झाड कधीच पडणार नाही, अशी हमी जो देतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आमच्या बाईंनी ती दिली नाही.

बँकेत तारणाच्या जागा पाहायला मी शेकडो वेळा गेलो असेन. इमारतीचे वय लिहायचो, घसारा काढायचो. समोर शंभर वर्षांची चिंच उभी असायची आणि आमच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नसायचा. असो.

मार्गशीर्षात काम झाले. वाळके लाकूड उतरवले आणि दोन लांबलेल्या फांद्या तोंडाशी असलेल्या जाडशा जिवंत उपफांदीपर्यंत आखूड केल्या. बाहेरून पाहणाऱ्याला काही केले आहे असे वाटलेही नसते. अण्णांनी विचारलेच, "एवढ्यासाठी एवढे पैसे?" खरे काम जमिनीवर झाले. बुंध्यापासून दहा फुटांपर्यंतचे ब्लॉक काढले, दबलेली माती हाताने मोकळी केली, तिच्यावर तीन-चार बोटे पाचोळा पसरला. बुंध्याला टेकणार नाही असा, वीतभर सोडून. पूर्वी हा पाचोळा आम्ही कोपऱ्यात जाळत असू. त्यात किती जीव जात, याचा विचार पानालाही हात न लावू देणाऱ्या आमच्या घरात कोणी केला नव्हता. गाडी आता फाटकाबाहेर उभी राहते.

दक्षिण बाजूची पालवी अजून विरळच आहे. तोडलेल्या मुळ्या परत येत नाहीत आणि ती बाजू सुधारेल असे मला कोणी सांगितलेले नाही. दर दोन वर्षांनी तपासणी करायची आहे. पुढची कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या रविवारी ठरली आहे. दिनदर्शिकेवर तशी खूण वहिनींनीच केली. त्या पापड आता ओसरीलगत घालतात. अण्णा मात्र संध्याकाळी खुर्ची घेऊन पुन्हा जांभळाखाली बसू लागले आहेत. दक्षिणेची बाजू सोडून.