रात्रीचा निरोप

ॲनिमेशन म्हणजे बालगोपाळांची करमणूक, असा आपल्यापैकी अनेकांचा ग्रह असतो. त्या समजुतीने नेटफ्लिक्सवरील ‘बोजॅक हॉर्समन’ ही अमेरिकन मालिका नातवंडांसमवेत पाहावयास बसू नये, हे आरंभीच सांगितलेले बरे. राफाएल बॉब-वाक्सबर्ग यांची ही मालिका २०१४ साली सुरू झाली आणि तिच्या सहाव्या, अखेरच्या पर्वाचा उत्तरार्ध ३१ जानेवारी २०२० रोजी आला. नायक बोजॅक हा घोड्याचे मुख असलेला, एके काळी गाजलेला नट. मद्याने त्याला पुरते ग्रासलेले आहे.

अखेरचे पर्व व्यसनमुक्ती केंद्रात सुरू होते. बोजॅक मनापासून सावरतो, विद्यापीठात नाट्यकला शिकवू लागतो. पुढे जुने अपराध उघडकीस येतात आणि तो पुन्हा पिऊ लागतो. पण वाचकहो, शुश्रूषा करणाऱ्यांनी खरे पाहावे ते त्याच्याकडे नव्हे, डायेनकडे.

डायेन त्याची ना पत्नी, ना बहीण. तरी केंद्राच्या दारापर्यंत त्याला मोटारीने पोचवणारी तीच. तिला स्वतःला नैराश्याचा विकार आहे. औषध पुन्हा सुरू करण्यास ती सहजी राजी होत नाही. सुरू केल्यावर वजन वाढते, आणि चित्रकारांनी ते लपवलेले नाही. (आपल्याकडेही याच कारणास्तव गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. तसे करू नये. डॉक्टरांशी बोलावे, पर्याय असतात.) तिचे अडलेले लेखन मात्र मार्गी लागते. दुःखाची आत्मकथा बाजूला राहते आणि मुलांसाठी एक खुसखुशीत रहस्यकथा जन्मास येते.

अशात एके रात्री नशेत बुडालेला बोजॅक तिला दूरध्वनी करतो. ती दूर शिकागोत असते. तो निरोप ठेवतो, आणि आपल्या जिवाचा सारा भार त्या निरोपातून तिच्यावर टाकून पोहण्याच्या तलावात उतरतो. तो वाचतो खरा. पण मधले काही तास तो गेला असेच डायेन समजत असते.

‘तू गेलीस तर माझे काही खरे नाही,’ हे वाक्य आपल्यापैकी कित्येकींनी व्यसनी पतीकडून, मुलाकडून ऐकले असेल. ते पोकळ धमकी म्हणून कधीही टाळू नये. तत्काळ दुसऱ्या कुणाला जवळ बोलवावे, डॉक्टरांना कळवावे. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते, आणि तो क्रमांक शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही आहे. मदत मिळवून देणे आपल्या हाती असते. दुसऱ्याच्या श्वासाची हमी एकट्याने घेणे कुणाच्याच हाती नसते, आणि ती न घेतल्याचा दोषही कुणी माथी घेऊ नये. डायेनला हे उमगण्यास पुष्कळ दिवस लागतात.

अखेरच्या भागात एका विवाहसमारंभाच्या रात्री दोघे छतावर भेटतात. तो तुरुंगातून तेवढ्यापुरता बाहेर आलेला. ती ह्यूस्टनला पतीसमवेत राहणारी. त्या निरोपाने आलेला संताप ती त्याला स्पष्ट सांगते. आरडाओरडा नाही. त्याचे ऋणही ती मान्य करते. मात्र पुन्हा भेटू, असे म्हणत नाही. मग दोघे आकाशाकडे पाहत नुसते बसून राहतात, आणि मालिका तिथेच संपते.